काट्याने काटा : विषाणू आणि स्तनाचा कर्करोग



काट्याने काटा काढावा, ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. पायात रुतलेला बाभळीचा काटा दुसऱ्या काट्याच्या टोकाने निघतो, हे शेतात वावरलेल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दुसरा काटा जपून धरला नाही तर तोही पायातच मोडतो, हा त्या म्हणीचा उत्तरार्ध आपण सहसा बोलत नाही. आजच्या विषयात तोच अधिक महत्त्वाचा आहे. एका रोगाच्या विषाणूने दुसरा रोग, तोही कर्करोगासारखा, हटविता येईल काय, या प्रश्नाच्या मागे वैद्यकशास्त्र सुमारे सव्वाशे वर्षे लागलेले आहे. त्या खटपटीचा इतिहास आणि ती स्तनाच्या कर्करोगापर्यंत कशी येऊन पोहोचली, हे आम्ही आज सांगणार आहो.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा लवकर सुटली, आणि जे काही शिकलो ते बहुतेक सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. परंतु संघटनेच्या कामात तीस वर्षे आम्ही कामगार भगिनींची आजारपणे पाहत आलो आहो. छातीत गाठ लागली तरी महिनोन्‌महिने ती लपवून ठेवणाऱ्या कितीतरी जणी आम्हांस भेटल्या; कारण दवाखान्यात जायचे म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. अलीकडे त्यांतल्याच काही जणी मोबाईलवर आलेली बातमी दाखवितात, की विषाणू टोचून कुण्या बाईचा कॅन्सर गेला, आणि विचारतात, ‘मग दादा, ऑपरेशन कशाला करायचं?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे. म्हणून उत्तर देण्यापूर्वी आम्ही इतिहास चाळला.

या इतिहासाची सुरुवात योगायोगाने झाली. १९०४ साली जॉर्ज डॉक या अमेरिकन वैद्याने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला इन्फ्लुएन्झासारखा ताप आला आणि त्यानंतर तिच्या रक्तातील बेसुमार वाढलेल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या. त्या काळी विषाणू म्हणजे काय हे नीटसे कोणास ठाऊक नव्हते; माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू लंडनमध्ये हाती लागला तो १९३३ साली. १९१२ साली इटलीतील दे पाचे या वैद्याने दुसरी हकीकत नोंदविली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असलेल्या एका बाईला कुत्रा चावला, म्हणून तिला पाश्चरच्या पद्धतीची लस टोचण्यात आली, आणि तिची गाठ ओसरू लागली. मग १९२२ साली पॅरिसमध्ये लेव्हादिती आणि निकोलाऊ या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की देवीच्या लशीतला विषाणू गाठीत शिरून तेथे वाढतो.

या हकीकती खऱ्या होत्या, त्या सांगणारेही प्रामाणिक होते. तथापि एका माणसाची हकीकत ही एका माणसाचीच हकीकत असते. एखाद्या कारखान्यात एका कामगाराला मालकाने खूश होऊन बक्षीस दिले, म्हणून सगळ्यांची पगारवाढ झाली असे आम्ही म्हणत नाही. सगळ्यांना काय मिळाले, किती जणांना मिळाले, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांचे काय झाले, हे मोजल्याखेरीज करार झाला असे मानावयाचे नसते. वैद्यकशास्त्राला ही मोजदाद शिकावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि ती शिकताना त्याने जी किंमत दिली ती बहुतांशी दुबळ्या माणसांच्या अंगावर पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या प्रयोगांना ऊत आला. १९४९ साली ॲलिस मूर यांनी उंदरातील गाठ मेंदूज्वराच्या एका विषाणूने नष्ट होते असे दाखविले. त्याच वर्षी हॉजकिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या २२ रुग्णांना काविळीचा विषाणू देण्यात आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. काहींच्या गाठी थोडा काळ आकसल्या. परंतु निम्म्याहून अधिक जणांना कावीळ जडली. मूळ दुखण्यात दुसऱ्या दुखण्याची भर पडली, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील चेस्टर साउदॅम आणि ॲलिस मूर यांनी ज्यांचा कर्करोग हाताबाहेर गेला होता अशा ३४ रुग्णांना वेस्ट नाईल विषाणू टोचला. हा विषाणू १९३७ साली युगांडात सापडलेला. थोड्याच जणांच्या गाठी कमी झाल्या, त्याही तात्पुरत्या. आणि काहींच्या मेंदूला सूज आली. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ३० स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या गाठींत सर्दीपडसे आणणाऱ्या ॲडिनोविषाणूंची सुई टोचली. पुष्कळ गाठींचा मधला भाग सडून गळाला, पण रोगाची वाट काही अडली नाही.

येथे आम्हांस जरा थांबावेसे वाटते. कारण साउदॅम यांची गोष्ट विषाणूंपाशी संपत नाही. शरीर परक्या कर्कपेशींना कसे हुसकून लावते हे पाहण्यासाठी त्यांनी ओहायोतील तुरुंगाच्या कैद्यांना जिवंत कर्कपेशी टोचल्या. पुढे १९६३ साली ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात २२ वृद्ध, जर्जर रुग्णांना त्यांच्या सांगण्यावरून तशाच पेशी टोचण्यात आल्या, आणि त्या कर्कपेशी आहेत हे त्या म्हाताऱ्या जिवांना सांगितलेच नाही. का, तर कर्करोगाचे नाव काढले की माणसे उगाच घाबरतात. न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने माणसाच्या स्वखुशीच्या संमतीवाचून प्रयोग नको हा नियम १९४७ सालीच घालून दिलेला होता. पण तो दुष्टांसाठी आहे, आम्हां सज्जनांसाठी नाही, अशी पुष्कळ विद्वानांची समजूत होती.

ही गोष्ट उजेडात कशी आली, हे प्रत्येक नोकरदाराने ध्यानात ठेवावे. त्या रुग्णालयातील तीन तरुण डॉक्टरांनी सुई टोचण्यास नकार दिला आणि राजीनामे दिले. मग रुग्णालयाच्या संचालक मंडळावरील एका वकिलाने कागदपत्रे मिळविण्यासाठी कोर्टाची पायरी चढली. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या सनद देणाऱ्या मंडळाने साउदॅम यांस दोषी ठरविले. शिक्षा अगदी सौम्य झाली, वर्षभर देखरेख. आणि १९६८ साली ते कर्करोग-संशोधकांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षही झाले. तरीपण त्या तिघांचा नकार वाया गेला नाही. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानंतर आणि अशा प्रकरणांच्या बोभाट्यानंतर माणसावरील प्रयोगांना कायद्याचा लगाम बसू लागला. विज्ञान पुढे जाते ते केवळ बुद्धिमंतांच्या होकाराने नव्हे. ‘हे मी करणार नाही’ असे म्हणणाऱ्या हाताखालच्या माणसाच्या नकारानेही पुढे जाते.

यानंतर विषाणूंची लाट ओसरली. १९७४ साली जपानमधील आसादा यांनी गालगुंडाचा विषाणू ९० रुग्णांना दिला व ३७ जणांना बरा गुण आला असे कळविले. तरीही जगाचे लक्ष तिकडून उडालेच. केमोथेरपीची नवी औषधे आली होती, आणि विषाणूला गाठीतच राहा, बाहेर जाऊ नको, असे बजावण्याचा मार्ग कोणास माहीत नव्हता. काटा होता, पण तो धरावयाची मूठ नव्हती.

ती मूठ जनुकांच्या विद्येने दिली. विषाणू हा आपल्या पेशीत घुसून तिचीच यंत्रे वापरून आपल्यासारखे हजारो तयार करतो आणि शेवटी बहुधा पेशी फोडून बाहेर पडतो. निरोगी पेशी मुकाट्याने बसत नाही. विषाणू आत शिरल्याची चाहूल लागताच ती इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडून स्वतःचे काम बंद करते आणि शेजारणींना सावध करते. हा पदार्थ लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन यांनी १९५७ साली शोधला. कर्कपेशीचे तसे नसते. अहोरात्र वाढत राहण्याच्या हव्यासात पुष्कळ कर्कपेशींची ही धोक्याची घंटा बिघडलेली असते. ज्या कारखान्याने उत्पादन वाढविण्यासाठी फाटकावरचा राखणदारच काढून टाकला, त्या कारखान्यात चोराला शिरणे सोपे जावे, तसा हा प्रकार आहे. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की विषाणूच्या अंगातली राखणदाराला गुंगी देणारी जनुके काढून टाकली, तर राखणदार असलेल्या निरोगी पेशीत त्याचे काही चालणार नाही. मात्र उघड्या फाटकाच्या कर्कपेशीत त्याला मोकळे रान मिळेल.

दुसरा लाभ याहूनही मोठा निघाला. कर्कपेशी आपल्याच शरीरातली असल्यामुळे प्रतिकारशक्ती तिला घरचे माणूस समजून सोडून देते. विषाणूने ती फोडली की तिच्या पोटातले सामान रस्त्यावर पडते, गलका होतो, रक्तातले पहारेकरी धावून येतात आणि त्या सामानाची ओळख पटवून तशाच इतर पेशींचा माग काढू लागतात. म्हणजे विषाणू हा स्वतः लढणारा शिपाई आहेच, पण त्याहून अधिक तो गाव जागा करणारा दवंडीवाला आहे.

१९९१ साली रॉबर्ट मार्टुझा आणि सहकाऱ्यांनी तापात ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूचे एक जनुक काढून, उंदरांत वाढविलेल्या मानवी मेंदूच्या गाठींवर तो वापरून दाखविला. येथून नवे पर्व सुरू झाले. २००५ साली चीनने डोके व मान यांच्या कर्करोगासाठी एका बदललेल्या ॲडिनोविषाणूला परवानगी दिली. २०१५ साली अमेरिकेने ‘टी-व्हेक’ या हर्पीस विषाणूला त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी मान्यता दिली. त्यापूर्वी ४३६ रुग्णांवर चाचणी झाली. टिकाऊ गुण आलेले रुग्ण विषाणूच्या गटात १६.३ टक्के, तर तुलनेच्या गटात २.१ टक्के भरले. शंभरातील सोळा हा आकडा चमत्काराचा नव्हे. पण तो मोजलेला आहे, म्हणून त्याच्यावर पाय रोवून उभे राहता येते. २०२१ साली जपानने मेंदूच्या गाठीसाठी अशाच एका विषाणूला सशर्त परवानगी दिली.

याच काळातली उलट बाजूही सांगितली पाहिजे. लाटविया देशाने २००४ साली ‘रिगव्हिर’ नावाचा एक विषाणू औषध म्हणून नोंदविला, आणि परदेशांतील हताश रुग्णही त्याच्या आशेने तेथे जाऊ लागले. २०१९ साली तपासणीत असे दिसून आले, की बाटलीवर सांगितलेल्या मानाने आत विषाणूचे प्रमाण फारच कमी होते. विक्री थांबविण्यात आली. मापात पाप हे केवळ रेशनच्या दुकानातच होते असे समजू नये.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे वळू. २००६ साली जपानमधील नागोया येथील डॉक्टरांनी, स्तनाचा कर्करोग उलटून कातडीत गाठी आलेल्या सहा स्त्रियांवर ‘एचएफ-१०’ हा हर्पीसचा वाण वापरल्याचे प्रसिद्ध केले. गाठींतल्या कर्कपेशी मरताना दिसल्या आणि मोठा अपाय झाला नाही. त्यानंतर कॅनडात रिओविषाणूची पाळी आली. हा विषाणू माणसाला सहसा आजारी पाडत नाही. तो कर्कपेशीत का वाढतो याचा उलगडा कॅल्गरी विद्यापीठात १९९८ साली झाला होता. रोग शरीरभर पसरलेल्या ७४ स्त्रियांपैकी काहींना नुसते केमोथेरपीचे औषध आणि काहींना त्याच्या जोडीला विषाणू, अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ वाढतो काय, हा तिचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. मात्र विषाणू मिळालेल्या स्त्रिया मध्यमानाने १७.४ महिने जगल्या, न मिळालेल्या १०.४ महिने. हा फरक आशादायक खरा. परंतु ठराव एका मागणीचा मांडावा आणि विजय दुसऱ्याच मागणीचा जाहीर करावा, हे सभेच्या रीतीला धरून नाही. म्हणून तो पुढच्या चाचणीचा प्रश्न झाला, निकाल झाला नाही.

२०२३ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मॉफिट कर्करोग केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. स्तनाच्या कर्करोगाचा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ नावाचा प्रकार चिवट. संप्रेरकांवरची औषधे त्याला लागू पडत नाहीत. अशा ३७ स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी आणि गाठीत टी-व्हेक विषाणू, असे दोन्ही देण्यात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी ४५.९ टक्के स्त्रियांत कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता. आकडा चांगला आहे. पण या चाचणीत विषाणूवाचून केमोथेरपी मिळालेल्या स्त्रियांचा शेजारी गट नव्हता, त्यामुळे यश कुणाच्या खाती किती मांडावे याचा हिशेब पुरा होत नाही.

आणि आता ती मोबाईलवर फिरणारी बातमी. क्रोएशियातील झाग्रेब विद्यापीठात बेआता हालासी नावाच्या विषाणुशास्त्रज्ञ आहेत. स्तन काढलेल्या जागी २०२० साली त्यांना कर्करोग पुन्हा उलटला. तेथे उलटण्याची ती दुसरी खेप होती. आणखी केमोथेरपी त्यांना नको होती. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत स्वतः विषाणू तयार केले, आधी गोवराच्या लशीतला, मग गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका रोगाचा, आणि सुमारे दोन महिने ते आपल्या गाठीत टोचून घेतले. गाठ आकसली, मऊ पडली, छातीच्या स्नायूपासून व कातडीपासून सुटी झाली. मग शल्यचिकित्सकांनी ती कापून काढली, आणि त्यानंतर वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे प्रस्थापित औषध त्यांना देण्यात आले. २०२४ साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले, तेव्हा रोग परतलेला नव्हता. डझनाहून अधिक नियतकालिकांनी हा लेख नाकारला होता. कारण तो वाचून इतर रुग्णही स्वतःवर असले प्रयोग करतील ही भीती होती.

या बाईंबद्दल आम्हांस आदर वाटतो. साउदॅम यांनी धोका दुसऱ्याच्या, न विचारता घेतलेल्या अंगावर टाकला. हालासी यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला आणि घडले ते लपविले नाही. पण बातमीत जे गळते ते नीट पाहा. शस्त्रक्रिया झाली होती. प्रस्थापित औषधही घेतले होते. देखरेखीला कर्करोगतज्ज्ञ होते, आणि विषाणू हाताळण्याची विद्या रुग्णाच्याच हातात होती. विषाणूने शस्त्रक्रिया टाळली नाही, ती सोपी केली. तेव्हा ‘ऑपरेशन कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर त्या बाईंच्या स्वतःच्या कहाणीतच आहे. २०२४ अखेरपर्यंत स्तनाच्या कर्करोगासाठी अशा एकाही विषाणूला औषध म्हणून मान्यता मिळालेली नव्हती.

येथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा आहे, आणि तोच गैरसमजाला कारण होऊ शकतो. हालासी यांनी वापरलेला गोवराचा वाण ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ होय, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस याच वाणाची आहे. यावरून कोणी असा तर्क लढवू नये, की पोरांना टोचतात तीच बाटली गाठीत टोचली म्हणजे झाले. लशीची मात्रा अंगाला ओळख करून देण्यापुरती असते, गाठ फोडण्याइतकी नव्हे. आणि केमोथेरपीने अशक्त झालेल्या शरीराला जिवंत विषाणूची लसही धोक्याची ठरू शकते. लस पोरांसाठी आहे, ती पोरांना वेळेवर द्यावी.

ज्या गोष्टी मोजून झालेल्या आहेत त्या मात्र आपल्या हाताशी आहेत. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांत एक चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासावयाचे, एवढीच युक्ती. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न तपासलेल्या गटात रोग सापडलेल्यांपैकी ४७ टक्के तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत होत्या. तपासलेल्या गटात ते प्रमाण ३७ टक्के होते. यात ना विषाणू, ना परदेशी यंत्र. पण त्यासाठी बाईला तपासणीचा दिवस मिळाला पाहिजे आणि त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये. ही मागणी वैद्यकाची नाही, संघटनेची आहे. आणि कर्करोगाविरुद्धच्या लढाईत तिची जागा प्रयोगशाळेच्या खालोखाल नाही, असे आमचे मत आहे.

उद्या आपल्याकडेही कोणी डॉक्टर विषाणूची चाचणी घेऊन येतील, आणि यावेत अशी आमची इच्छा आहे. त्या वेळी घाबरून पळू नये आणि भुलून अंगठाही उठवू नये. चाचणी सरकारी नोंदणीत आहे काय, हे विचारावे. भारतात ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. संमतीचा कागद आपल्या भाषेत मागावा आणि घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्यावा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, हेही ठाऊक असू द्यावे. मधेच नको वाटले तर बाहेर पडण्याचा अधिकार आहे. हे हक्क कुणी दान दिलेले नाहीत. ब्रुकलिनच्या त्या बावीस म्हाताऱ्यांच्या अंगावरून आणि त्या तीन तरुणांच्या नोकरीवरून ते आपल्यापर्यंत आलेले आहेत.

दुसरा काटा हाती आलेला आहे. तो कुणाच्या पायात, किती खोल, आणि कुणाच्या संमतीने घालावयाचा, हे ठरविण्याचे काम केवळ शास्त्रज्ञांचे नाही. ते ज्याचा पाय आहे त्याचेही आहे.